मी डावा आरसा, उघडाच राहणार

मी आरसा बोलतोय. ज्याच्यासमोर उभं राहून तुम्ही भांग पाडता, तो नव्हे. मी गाडीचा आरसा, आणि त्यातही डावा.

उजव्याचं बरं असतं. तो ड्रायव्हरच्या हाताशी असतो, काच खाली केली की पुसता येतो, सरळ करता येतो. माझी आठवण कुणाला? गल्ली अरुंद लागली की पहिला मी दुमडला जातो. कुणाचा धक्का लागला की पहिला मी फुटतो. फुटलो की मालक म्हणतो, "राहू दे, डाव्याचं काय अडलंय?" तुमच्या गावातल्या गाड्या एकदा नीट बघा. माझे कितीतरी भाऊबंद पाठ फिरवून काचेला चिकटून बसलेले दिसतील. त्यांचं आयुष्य दारं बघण्यात चाललंय.

मी त्यांच्यातला नाही. कधीकाळी होतो, आता नाही. कसा ते ऐका.

कारखान्यात मला बनवलं तेव्हाच माझी काच जरा फुगीर ठेवली. ते व्यंग नव्हे. सपाट काचेत रस्त्याचा चिंचोळा पट्टा मावतो, फुगीर काचेत अख्खी कड मावते. एक खोट मात्र त्यातून येते, ती आत्ताच सांगून टाकतो. माझ्यात दिसणारं माणूस असतं त्याहून लांब वाटतं. माझ्या काचेच्या तळाला बारीक इंग्रजीत तसं छापलंही होतं. ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

माझे पहिले मालक विट्याचे. गलाईच्या धंद्यातले. दूर दक्षिणेत त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं, आणि दुकानाची गल्ली अशी की समोरून सायकल आली तरी कुणाला तरी मागं सरकावं लागे. नवी गाडी गल्लीत शिरली त्याच दिवशी शेठनी मला दुमडलं. ते पुन्हा उघडायचं त्यांना सुचलंच नाही. हमरस्त्यावरही मी दुमडलेलाच. मागून हॉर्न वाजायचे, कुणीतरी करकचून ब्रेक मारायचं, शेठ म्हणायचे, "काय आंधळी माणसं आहेत!"

गावी आले की गाडी लिंबाखाली उभी राहायची. तेव्हा पोरं खेळता खेळता मला उघडायची. मग एक शिंजीर यायचा, अंगठ्याएवढा पक्षी, आणि काचेतला दुसरा शिंजीर आपल्या झाडावर का आला म्हणून दिवसभर त्याच्याशी भांडायचा. खोटं का बोलू, मला तेवढंही बरं वाटायचं. निदान कुणी माझ्यात बघत तरी होतं.

मग शेठनी मोठी गाडी घेतली आणि आम्हाला विकलं. घेणारी होती स्वप्नाली.

स्वप्नाली आटपाडीकडच्या माळावरची. तिचे वडील बिराप्पा मेंढपाळ. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं चालणं चालत आलेलं. ती कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. बिराप्पा कळप घेऊन येरळेच्या काठाकडं निघाले होते. रस्त्याच्या डाव्या कडेनं कळप चाललेला, शेवटच्या मेंढरांसोबत स्वतः बिराप्पा. एका फाट्यावर शेजारून जाणारी जीप एकदम डावीकडं वळली. दोन मेंढ्या जागच्या जागी गेल्या आणि बिराप्पांचा पाय चाकाखाली आला.

जीपवाला वाईट माणूस नव्हता. खाली उतरून रडायला लागला. "दिसलंच न्हाई वं, आईच्यान दिसलं न्हाई." माणसं गोळा झाली, तीही म्हणाली, दिसलं न्हाई तर गडी तरी काय करणार? प्रकरण तिथल्या तिथं मिटलं. बिराप्पांनी स्वतःसुद्धा मान डोलावली. त्यांची मान डोलली, पण लेकीची नाही डोलली.

"डोक्याला लाल पटका, हातात एवढी काठी, पुढं कळप," ती म्हणायची. "एवढं सगळं दिसलं न्हाई? मग त्येला दिसत तरी काय हुतं?"

पाय जोडला गेला, पण त्यात आखूडपणा राहिला. त्या पायानं कळपामागं चालणं होईना. मेंढरं दुसऱ्याकडं गेली आणि बाप-लेक विट्याला राहायला आले. बिराप्पा एका गोदामावर राखणदार झाले. स्वप्नाली कापडाच्या दुकानात कामाला लागली, फावल्या वेळात गाडी शिकली, आणि एक दिवस आम्हाला घेऊन पिवळी पाटी लावून मोकळी झाली. भाड्याची गाडी चालवणारी विट्याच्या स्टँडवर ती एकटीच बाई.

गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं बिराप्पांना सोबत घेतलं आणि गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर गाडी नेली. मला उघडलं. फडक्यानं पुसलं. शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं तसं लावलं, म्हणजे माझ्या अर्ध्या काचेत गाडीचंच मागचं दार. मग ती आपल्या जागी बसली.

"आबा, गाडीच्या मागं जावा आन् डाव्या अंगानं हळूहळू म्होरं या. मी बघती."

बिराप्पा लंगडत निघाले.

"दिसतायसा," ती आतल्या मधल्या आरशात बघत म्हणाली. "दिसतायसा. दिसतायसा. आबा? कुठं गेलासा?"

"हितंच हाय की."

"हितं म्हंजी कुठं?"

"तुझ्या मागल्या दाराला हात लावून हुबा हाय."

मधल्या आरशातून ते निसटले होते आणि माझ्यात आलेच नव्हते. माझ्यात त्या वेळी काय होतं? धुळीनं माखलेलं पांढरं दार. हाताच्या अंतरावर एक जिवंत माणूस उभा, आणि मला दार बघायला बसवलेलं! मला तोंड असतं तर त्या माळावर मी ओरडलो असतो, "मला बाहेर वळवा!"

तिला न ऐकताच ते कळलं. तिनं डोकं दोन सीटच्या मध्यावर नेलं, तिथून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आबा, आरसा बाहेरच्या अंगाला ढकला. जरासा. आजून. आजून थोडा. बास!"

आयुष्यभर लोकर कातरून राठ झालेला तो हात. त्यानं मला वळवलं, पण बुजऱ्या कोकराची मान वळवावी तसं. ती मध्ये झुकली होती तिथून गाडीची कड माझ्यात दोऱ्याएवढी दिसत होती. ती सरळ बसल्यावर तीही गेली. माझ्यात आता फक्त माळ होता. उजव्यासाठी तिनं डोकं खिडकीच्या काचेला टेकवलं आणि त्यालाही तसंच बाहेर काढलं.

बिराप्पा वाकून माझ्यात बघायला लागले. "आगं, आपली गाडीच दिसंना झाली की ह्यात."

"आपली गाडी कुठं जातीया, आबा? तिच्यातच बसलोय न्हवं आपण? ती बघायला आरसा कशाला?"

मग ते पुन्हा मागं गेले आणि पुन्हा निघाले. या वेळी मधल्या आरशातून त्यांचा पटका सरकला तसा माझ्यात आला. माझ्यातून बाहेर पडायच्या आधीच तो खिडकीतून तिला डोळ्यांनी दिसला. मध्ये कुठंही ते हरवले नाहीत.

"दिसतायसा, आबा."

"आता?"

"दिसतायसा."

"आन् हितं?"

"तिथं बी."

मघाशी ते हरवले होते त्याच जागी येऊन ते थांबले. दारावर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी त्या गड्याला एवढंच करायचं हुतं व्हय गं?"

स्वप्नालीनं त्यांच्यासाठी दार उघडलं. त्या सकाळपासून मी कुणाला दार दाखवलं नाही.

स्टँडवर याची चेष्टा झाली नसती तरच नवल. स्टँडचा पुढारी धैर्यशील. त्याच्या दोन गाड्या, मोठा आवाज, आणि कुणाला कुठलं भाडं द्यायचं ते तोच ठरवणार. "ताई, तुमचा आरसा वाकडा झालाय," असं तो रोज म्हणायचा. कुणी धुणारा, कुणी पंपावरचा, कुणी नुसताच उभा राहिलेला माणूस उपकार म्हणून मला आत वळवून जायचा. ती उतरायची, मला पुन्हा बाहेर काढायची. लोकांचं आत वळवणं थांबलं नाही आणि तिचं बाहेर काढणंही.

एका दुपारी धैर्यशीलनं आपली मोठी गाडी मागं घेतली आणि माझ्या काचेचा चुरा झाला.

"दिसला न्हाई वं, ताई," तो खिडकीतून म्हणाला. दोघं-तिघं हसले.

स्वप्नाली शांतपणे त्याच्या गाडीपाशी गेली. त्याचा डावा आरसा दुमडलेला होता. तो तिनं उघडला, आणि मग म्हणाली, "दिसला न्हाई, का बघितला न्हाई?"

हसणं थांबलं. धैर्यशील म्हणाला, "बरं बरं. तुमचं भाडं हुबं हाय, कराडला सोडून या. आरसा काय, घालू निवांत."

"आरसा बसंस्तवर गाडी हलणार न्हाई."

"डाव्या आरशापायी भाडं सोडतीस व्हय?"

"सोडती," ती म्हणाली आणि सोडलंही.

स्टँडसमोरच गाड्यांचं सामान विकणारे नानासो तिच्या ओळखीचे होते; गोदामावरून बिराप्पांना बोलावून घेऊन ती त्यांच्या दुकानी गेली. त्यांनी काउंटरवर काचांची रांगच मांडली. "ही बघा, काळी काच. लय चालतीया सध्या. मागच्या लाईटचा त्रास न्हाई."

"अंधारात मागचा माणूस दिसतोय का हिच्यात?"

"आता काळी म्हणल्यावर..."

"नको."

मग त्यांनी सपाट काच काढली. तिच्यात मागचा रस्ता अगदी आहे तसा, मोठा आणि जवळ दिसत होता. ती स्वप्नालीला क्षणभर आवडली. तिनं ती माझ्या घरात, म्हणजे प्लास्टिकच्या कवचात, नुसती टेकवून धरायला सांगितलं, स्वतः आत बसली, आणि बिराप्पांना भर दुकानासमोर मागून चालत यायला लावलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली. सपाट काचेत म्हातारा दोन पावलं दिसला आणि गेला.

"नानासो, फुगीर द्या. पयली हुती तशी."

"तिच्यात लांब दिसतंय, ताई. जवळची गाडी लांब वाटती. फसाल."

"लांब वाटलं तर मान वळवून बघीन. पर दिसलंच न्हाई तर मान तरी कशाला वळवीन?"

नानासोंनी फुगीर काच बसवली. ती खुळखुळत नाही ना, गाडी सुरू केल्यावर थरथरत नाही ना, हे तिनं स्वतः बघितलं. वर नानासोंनी बटनाएवढा गोल आरसा कोपऱ्यात चिकटवायला दिला. त्यात सगळा जिल्हा दिसत होता, पण मुंगीएवढा. गाडी मागं घेताना उपयोगी पडेल म्हणून तिनं तो माझ्या अगदी खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावला, माझी मुख्य जागा न अडवता. मला नवा डोळा आला. काच काय, बदलत राहते. मी आरसा आहे तो त्या वळवण्यामुळं.

आता लालासाहेबांबद्दल सांगतो.

येरळेकाठचे मोठे ऊसवाले. घरात दोन माणसं फौजेत, दारात गाड्या, आणि स्टँडला वर्षभर भाडं देणारं घर ते. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाची सुपारी साताऱ्यात फुटायची होती. घरच्या गाड्या आधीच भरून गेल्या. लालासाहेब आणि त्यांची सून राजनंदिनी मागं राहिले, म्हणून धैर्यशीलनं आमची गाडी पाठवली.

लालासाहेब पुढं बसले, माझ्या शेजारी. राजनंदिनी त्यांच्या मागच्या सीटवर. तिचा नवरा फौजेत सीमेवर होता. सासऱ्यापुढं ती फारसं बोलत नसावी, कारण कडेगाव जाईपर्यंत मी तिचा आवाज ऐकला नाही.

लालासाहेबांनी नवाकोरा फेटा बांधला होता. कडेगाव सोडलं तसं त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि मला आत वळवलं. आता माझ्यात फेटा, मिशी आणि समाधान एवढंच दिसत होतं.

स्वप्नालीनं गाडी कडेला घेतली. उतरली, वळसा घालून आली, मला होतो तिथं नेलं.

"का गं?" लालासाहेब म्हणाले.

"दादा, मला मागचं दिसंना झालं. फेटा बघायचा आसंल तर म्होरली उन्हाची झडप खाली पाडा, तिला आरसा हाय."

"मागचं बघायला मधला आरसा हाय की."

"तेच्यात मागचं दिसतंय. शेजारचं न्हाई."

लालासाहेबांना आयुष्यात कुणी झडप पाडायला सांगितलं नसावं. त्यांनी ती पाडली नाही. फोन काढून बोलत बसले.

कराडला हमरस्ता लागला. उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, पुण्याकडं धावणाऱ्या गाड्या. साताऱ्यात उतरायचा फाटा जवळ आला तेव्हा आम्ही एका ट्रॉलीला ओलांडून उजव्या पट्ट्यात होतो. फोन चाललेलाच होता. पलीकडून कुणीतरी विचारत असावं, कुठं पोचलात, मुहूर्त टळतोय.

"ह्यो काय आलोच," लालासाहेब फोनवर म्हणाले आणि हात पुढं करून ओरडले, "हाच फाटा! घे, डावीकडं घे!"

स्वप्नालीनं डावा दिवा लावला. मधल्या आरशात ट्रॉली बरीच मागं पडलेली, मधला रस्ता अगदी रिकामा. दुसरं कुणी असतं तर तिथंच स्टिअरिंग फिरलं असतं.

तिनं माझ्याकडं बघितलं.

माझ्या बाहेरच्या कडेला एक चाक होतं. चाकावर हँडल, हँडलवर एक गडी, आणि त्याच्या मागं एकांगी बसलेली म्हातारी. ट्रॉलीच्या आडून ती मोटरसायकल कधी बाहेर आली कळलंच नव्हतं. माझ्यात ती लहान आणि लांब वाटत होती, पण स्वप्नालीला माझी खोट माहीत होती. तिनं झटकन मान वळवली. मोटरसायकल मागच्या दारापाशीच होती.

"घे म्हणतो न्हवं!" लालासाहेबांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "फाटा चालला!"

"जाऊ दे!" स्वप्नाली म्हणाली.

तिनं स्टिअरिंग केसभरही फिरवलं नाही. फाटा गेला. मोटरसायकल शेजारून तशीच पुढं निघून गेली, म्हातारीनं पदर तोंडात धरलेला, गडी आपल्याच नादात. त्या दोघांना काहीच कळलं नाही. आजही माहीत नसेल. ती म्हातारी कुठंतरी चुलीपुढं बसली असेल आणि लेकाच्या गाडी चालवण्याचं कौतुक करत असेल. करू दे.

"मोटरसायकल हुती, दादा," स्वप्नाली म्हणाली. "मागल्या दाराजवळ."

"कुठाय मोटरसायकल? मी न्हाई बघितली! सुपारीचा येळ घालवलास!"

"येळ गेला तर दुसरा काढता येतोय. दिसल्याबिगर मी वळत न्हाई. तुमी ओरडलासा तरी न्हाई, देवानं सांगितलं तरी न्हाई."

पुढच्या पुलाखालून वळून यायला वेळ लागला. मंगल कार्यालयापाशी लालासाहेब उतरले. परतीला ते दुसऱ्या गाडीतून गेले.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सगळे जमले होते. बिराप्पाही आले होते, आमच्या बॉनेटला टेकून उभे. धैर्यशील या वेळी चेष्टेत नव्हता. "ताई, तिथं मोटरसायकल नव्हतीच म्हणत्यात दादा. फाटा चुकला म्हणून तू गोष्ट रचलीस. वर उलट बोललीस. त्या घरावर आमच्या निम्म्या गाड्या चालत्यात. जाऊन माफी माग, विषय मिटीव. न्हाई तर ह्या स्टँडवर तुझी गाडी लावता यायची न्हाई."

मी तिथंच होतो. मी बघितलं होतं. पण आरशाची हीच अडचण, आम्हाला बघता येतं, साक्ष देता येत नाही. क्षण गेला की काच पुन्हा कोरी.

स्वप्नाली बापाकडं वळली. बिराप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या टायमाला मी मान डोलावली, पोरी. तू डोलवू नगंस."

"माफी मागणार न्हाई," ती म्हणाली. "स्टँड तुमचा आसंल, रस्ता न्हाई तुमचा."

धैर्यशील काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मोटरसायकल हुती."

राजनंदिनी होती. एसटीतून उतरून तशीच आली होती, हातात पिशवी. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर वळल्या तशी तिनं पदर सावरला, पण थांबली नाही.

"मी मागं डाव्या बाजूला बसलेले. माझ्या काचेला त्या म्हातारीचा गुडघा लागंल एवढी जवळ हुती. हिरवं लुगडं, हातात पितळी डबा. गाडी वळली आसती तर माझ्या डोळ्यांदेखत चाकाखाली गेली आसती."

"वहिनी," धैर्यशील हळू आवाजात म्हणाला, "हे घरी कळंल."

"मीच सांगून आलीया. मामंजींना सकाळीच सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठिवला न्हाई, पर ऐकलं." मग ती स्वप्नालीकडं वळली. "आमच्या दारात गाडी हाय आन् चावी खुंटीला. मालक सुट्टीवर आलं तरच ती निघती. मला शिकवशील?"

लालासाहेबांनी कधी चूक कबूल केली नाही. त्यांनी भाडं कराडच्या माणसांना द्यायला सुरुवात केली. स्टँडवरचे काही जण त्याचा राग अजून स्वप्नालीवर काढतात. तिला स्टँडवरून कुणी हाकललं नाही आणि तिला कुणी भाडंही देत नाही. ती स्वतःची भाडी स्वतः मिळवते. बाळंतिणींना सांगलीला नेते, म्हाताऱ्यांना मिरजेच्या दवाखान्यात. धैर्यशीलचा डावा आरसा? तो अजून दुमडलेलाच आहे. सगळेच सुधारतात असं सांगायला मी बसलेलो नाही.

पण राजनंदिनी शिकली. ती शिकली म्हणून तिच्या भावकीतल्या आणखी दोघी आल्या, मग आळसंदकडची एक, मग लेंगऱ्याची. बहुतेकींचे नवरे फौजेत. स्वप्नाली सकाळी त्यांना त्याच माळावर नेते. क्लच, ब्रेक, गिअर सगळं नंतर. आधी एकीला आत बसवते आणि दुसरीला गाडीभोवती चालायला लावते. जिथं चालणारी हरवते तिथं तिला थांबवते आणि बसलेलीला खाली उतरवून त्या जागी उभं करते. "हितं हुबी ऱ्हा आन् गाडी आपल्या अंगावर वळतीया आसं समज," म्हणते. त्यानंतर मला बाहेर वळवायला कुणालाच सांगावं लागत नाही.

आज माझी अवस्था विचाराल तर फार देखणी नाही. घराला तडा गेलाय, त्यावर काळी चिकटपट्टी आहे. आतली स्प्रिंग ढिली झाली आणि वाऱ्यानं मी आपोआप मिटायला लागलो, तेव्हा स्वप्नालीनं नानासोंकडून माझ्या बुडात आरपार बोल्ट मारून घेतला. अरुंद बोळातून जाताना भिंती खरवडतात, कुणी शिव्या घालतं. खरवडू दे. पाऊस पडला की काचेवर थेंब साचतात, ते पुसायला बिराप्पांच्या खांद्यावर टॉवेल असतोच.

तुम्हाला एवढंच सांगतो. विनंती म्हणा, दम म्हणा. गाडीत बसल्यावर आधी मला बाहेर काढा. तुमचं दार तुम्हाला ठाऊक आहे, ते मला दाखवू नका. मला शेजारचं माणूस बघू द्या. मी सांगितलं तरी तेवढ्यावर भागवू नका, मानही वळवा, कारण मी लांब दाखवतो आणि माणूस जवळ असतं. आणि कुणी शेजारी बसून "वळव, वळव" म्हणून ओरडत असेल, तर ओरडू द्या.

हे बघा, राजनंदिनी आली. आज ती पहिल्यांदा हमरस्त्यावर जाणार आहे, स्टिअरिंगवर ती, स्वप्नाली शेजारी. दार लागलं, चावी फिरली, माझी काच थोडी थरथरून स्थिर झाली. आता मला बोलायला सवड नाही.

तुम्ही आमच्या डाव्या अंगानं येत असाल, तर बेलाशक या. मी बघतोय.